पाळीव सशांच्या जोडीसाठी घरातील निवारा

घराच्या आत, माणसांच्या सहवासात पाळलेल्या दोन सशांना राहण्यासाठी, धावण्यासाठी, लपण्यासाठी आणि विसाव्यासाठी कायमची राखून दिलेली जागा. पाळीव ससा हा आयबेरियन द्वीपकल्पातून जगभर गेलेल्या यूरोपीय सशाचा (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) वंशज आहे. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसणारा ससा (लीपस निग्रिकॉलिस) वेगळ्या प्रजातीचा असून तो बीळ खणत नाही आणि बहुधा एकटा वावरतो. यूरोपीय ससा मात्र जमिनीखाली बिळांचे जाळे करून कळपाने राहतो. सोबत आणि बीळ या त्याच्या दोन मूळ गरजा पाळीव सशातही टिकून आहेत. म्हणूनच ससे जोडीने पाळावेत असे सांगितले जाते आणि निवाऱ्याचा विचारही जोडीपासूनच सुरू करावा लागतो.

जागेचे माप ठरवताना सशाच्या देहापेक्षा त्याची चाल पाहावी. मध्यम आकाराच्या सशाला सलग तीन उड्या मारण्यास सुमारे दोन मीटर लांबी लागते, आणि मागच्या पायांवर ताठ उभा राहिल्यावर त्याचे कान वर टेकता कामा नयेत. ब्रिटनमधील ‘रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड’ ही संस्था एका जोडीसाठी किमान ३ मी. लांब, २ मी. रुंद व १ मी. उंच अशी जागा सुचवते. ही जागा सलग आणि दिवसरात्र खुली असावी, असा तिचा आग्रह आहे. ससा पहाटे व संध्याकाळच्या संधिप्रकाशात सर्वाधिक हालचाल करतो. नेमक्या त्या वेळी घरातील माणसे झोपलेली किंवा कामावरून परतत असतात, त्यामुळे ‘घरी आल्यावर थोडा वेळ मोकळे सोडू’ ही व्यवस्था सशाच्या दिनक्रमाशी जुळत नाही. दुमजली पिंजऱ्याच्या दोन मजल्यांची बेरीज करून जागा पुरेशी मानणेही चूक आहे, कारण धाव सलग जमिनीवरच घेता येते. सहा चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ६५ चौरस फूट. शहरातील लहान सदनिकेत एवढी जागा काढणे अवघड असते, हे खरे. पण ती निघत नसेल तर जोडी न आणणे हाच प्रामाणिक निर्णय ठरतो.

बाजारात सशांसाठी म्हणून विकले जाणारे बहुतेक पिंजरे या मापाच्या जवळपासही नसतात. दुकानात तळहातावर मावणारे पांढरे, लाल डोळ्यांचे पिल्लू अनेकदा न्यूझीलंड व्हाइट या मांसोत्पादनासाठी वाढवल्या जाणाऱ्या जातीचे असते आणि पूर्ण वाढ झाल्यावर त्याचे वजन ४ ते ५ किलोपर्यंत जाते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याच्या ११ व्या कलमानुसार, हालचालीला पुरेशी लांबी, रुंदी व उंची नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा आहे. पिंजरा घ्यायचाच असेल तर तो दार कायम उघडे असलेली विसाव्याची खोली म्हणून वापरावा आणि त्याभोवती जोडता येणाऱ्या जाळीच्या चौकटींचे सुमारे ९० सेंमी. उंचीचे कुंपण उभारावे. खोलीचा एखादा कोपरा किंवा शक्य असल्यास पूर्ण खोलीच सशांना देणे त्याहून उत्तम.

तळ हा निवाऱ्याचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारख्या गाद्या नसतात, केवळ दाट केस असतात, त्यामुळे तारेच्या जाळीवर सतत बसल्याने तेथे चिघळणाऱ्या जखमा होतात. आपल्याकडील गुळगुळीत फरशी वेगळ्या कारणाने वाईट आहे. सशाचा सांगाडा शरीराच्या वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के असतो आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र फार बळकट असतात, त्यामुळे घसरून किंवा घाबरून झटका बसला तरी पाठीचा कणा मोडू शकतो. फरशीवर सुती सतरंजी, स्वच्छ धुतलेले तागाचे पोते किंवा गवताची चटई अंथरावी. कृत्रिम धाग्यांचा गालिचा कुरतडून पोटात गेला तर आतड्यात अडकण्याची भीती असते.

महाराष्ट्रात तापमानाचा प्रश्न मोठा आहे. सशाला १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. त्याला घामावाटे शरीर थंड करता येत नाही, उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पारा ३० च्या पुढे गेला की उष्माघाताचा धोका वाढतो, आणि विदर्भात मे महिन्यात तो ४५ च्याही वर जातो. म्हणून पश्चिमेची बाल्कनी किंवा पत्र्याखालची खोली निवाऱ्यासाठी सर्वथा अयोग्य आहे. उत्तरेकडची, वारा खेळणारी खोली निवडावी आणि फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ससे हवे तेव्हा टेकून बसतील अशी ठेवावी. कोकण व मुंबईच्या पावसाळ्यात दमटपणामुळे वाळलेल्या गवताला बुरशी धरते आणि ओल्या, घाण झालेल्या केसांवर माश्या अंडी घालतात. त्या दिवसांत अंथरूण रोज बदलावे लागते. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजापासून दूर असलेली आतली खोली सशांना मोकळी ठेवावी.

लपण्याची जागा म्हणजे बिळाचा पर्याय होय. प्रत्येक सशासाठी एक आणि दोघे एकत्र मावतील असे एक, अशी किमान तीन खोकी असावीत. प्रत्येकाला दोन दारे हवीत, म्हणजे एक ससा दुसऱ्याला आत कोंडू शकत नाही. पुठ्ठ्याचे साधे खोके यासाठी पुरते. पाण्यासाठी जड, पसरट वाडगा ठेवावा.

ससे लघवीसाठी कोपरा ठरवतात, त्यामुळे त्यांना लिटर ट्रेची (मलमूत्रासाठी ठेवलेल्या पसरट तबकाची) सवय सहज लागते. ट्रे दोघे एकदम बसतील एवढा मोठा असावा, त्यात कागदाचा लगदा किंवा गवत घालावे आणि गवत ठेवण्याची जाळी त्याच्या शेजारीच टांगावी, कारण ससे विष्ठा टाकता टाकता गवत खातात. मांजरांसाठीची ओली होताच गोळा होणारी माती वापरू नये. सशाचे दात आयुष्यभर वाढत असल्याने तो सतत कुरतडतो. विजेच्या तारा नळीत घालाव्यात किंवा उंचावर न्याव्यात, आणि मनी प्लांट, डिफेनबेकिया, कण्हेर या विषारी झाडांच्या कुंड्या व फांद्या त्याच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात.

निर्बीजीकरण केलेले नर व मादी ही सर्वांत स्थिर जोडी मानली जाते. शस्त्रक्रियेनंतरही नर काही आठवडे प्रजननक्षम राहतो आणि मादीचा गर्भकाळ अवघा ३१ दिवसांच्या आसपास असतो, त्यामुळे या काळात दोघांना जाळीच्या अलीकडे-पलीकडे ठेवावे लागते. म्हणून कुंपण विभागता येईल असेच घ्यावे. पहिली भेट दोघांनाही अनोळखी असलेल्या जागी घडवावी, कारण आधीपासून राहणारा ससा स्वतःच्या हद्दीत आलेल्या नवख्यावर जीवघेणा हल्ला करू शकतो. जोडी जमल्यावर निवारा नीट धुऊन, खोकी नव्या ठिकाणी मांडून दोघांना एकाच वेळी आत सोडावे. पुढे वय झाल्यावर सांधे दुखू लागतात, तेव्हा ट्रेची एक कड कापून खाली करावी आणि अंथरूण अधिक जाड करावे.