सलग चार होमरन आणि राखून ठेवलेला क्लोजर

१८ सप्टेंबर २००६ च्या रात्री अमेरिकन बेसबॉलमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सनी सॅन डिएगो पाड्रेसविरुद्ध नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये सलग चार होमरन (थेट मैदानाच्या भिंतीपलीकडे जाणारे फटके) मारले. असं याआधी तीनदाच घडलं होतं, १९६१, १९६३ आणि १९६४ मध्ये. १९६१ मध्ये तर मिलवॉकीचा संघ एवढं करूनही हरला होता. १९६४ नंतर ४२ वर्षं हे कोणालाच जमलं नाही.

डॉजर्सच्या त्या चार फटक्यांना वजन आलं ते गुणतक्त्यामुळे. डिव्हिजनमध्ये, म्हणजे दोघांच्या गटात, पाड्रेस फक्त अर्ध्या सामन्याने, म्हणजे एका विजयापेक्षाही कमी फरकाने, पुढे होते. आठ इनिंग संपल्या तेव्हा पाड्रेसकडे ६-५ अशी निसटती आघाडी होती. नवव्यात त्यांनी आणखी तीन धावा काढल्या आणि ९-५ हा फलक पाहून बरेच प्रेक्षक पार्किंगकडे वळले.

खरा वाद याच तीन धावांपाशी सुरू होतो. १९७५ पासूनच्या नियमानुसार, शेवटच्या इनिंगला तीन किंवा कमी धावांची आघाडी असेल तर सामना राखणाऱ्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) नावावर ‘सेव्ह’ लागतो. चार धावांची असेल तर नाही. एका धावेची आघाडी राहिली असती तर पाड्रेसचा क्लोजर (शेवटी आघाडी राखायला आणला जाणारा खास पिचर) पहिल्या चेंडूपासून मैदानात दिसला असता. चार धावांची झाली म्हणून त्याला बाहेर ठेवलं आणि दुसऱ्याच पिचरला पाठवलं. त्याला लागोपाठ दोन होमरन बसले. मग ९-७ वर क्लोजर आला आणि त्याचे पहिले दोन्ही चेंडू भिंतीपलीकडे गेले; ९-९ अशी बरोबरी झाली. त्याच आठवड्यात, २४ सप्टेंबरला, ४७९ वा सेव्ह मिळवून कारकिर्दीतल्या सेव्हचा विक्रम मोडणारा पिचर तो हाच. तो आधी आला असता तरी मार खाल्लाच असता, असं व्यवस्थापकाची बाजू घेणारे म्हणतात. पण अर्ध्या सामन्याच्या शर्यतीत उत्तम पिचर कधी आणायचा हे एका आकडेवारीच्या नियमावरून ठरावं, हे पटत नाही.

दहाव्या इनिंगमध्ये पाड्रेस १०-९ असे पुन्हा पुढे गेले. डॉजर्सच्या फर्स्ट बेसमनने दोन धावांचा होमरन मारून सामना ११-१० असा जिंकून दिला. हंगामअखेर दोघांचेही ८८ विजय झाले. आपसातले १८ पैकी १३ सामने जिंकलेले असल्याने डिव्हिजन पाड्रेसला मिळालं, डॉजर्स वाइल्ड कार्डवर (डिव्हिजन न जिंकलेल्या सर्वोत्तम संघाच्या जागेवर) बाद फेरीत आले आणि दोघेही पहिल्याच फेरीत बाद झाले.

पुढच्याच एप्रिलमध्ये बोस्टनने न्यूयॉर्कच्या एका नवख्या पिचरला सलग चार होमरन मारले. त्यातला दुसरा मारणारा बॅटर लॉस एंजेलिसच्या त्या रात्रीही दुसराच होता.