८ जीबी रॅम टाकली, मग ५.९ च का दिसतेय?

रॅम वाढवून घेतली, घरी नेली, मशीन चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात फोन, "अहो पैसे ८ चे घेतले आणि इथे तर ५.९ यूजेबल लिहिलंय". हा फोन इतक्यांदा येतो की शेवटी हा कागदच छापून घेतला, बिलासोबत ठेवा. रॅम खोटी निघाली असं क्वचितच असतं, बहुतेक वेळा ती असते पण दुसऱ्याच कुणीतरी आधी अडवून ठेवलेली असते.

कुणी अडवली ते आधी बघू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. खाली 'हार्डवेअर रिझर्व्हड' असा आकडा आहे, सगळी गोम तिथे. १००-२०० एमबी असेल तर सोडून द्या, तेवढी प्रत्येकाचीच जाते.

आकडा २ जीबीच्या आसपास असेल तर ते ग्राफिक्सचं काम. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की प्रोसेसरमधलं ग्राफिक्स तुमच्याच रॅममधून वाटा घेतं, आणि रायझन (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) मशीनमध्ये हा वाटा बऱ्याचदा आधीच कापून ठेवलेला असतो, म्हणून ८ चे ५.९ होतात. बायॉसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडतं ते मशीनचं सेटिंग) 'यूएमए फ्रेम बफर साईझ' नावाचा ऑप्शन असतो, तिथे २ जीबीचं ५१२ एमबी करता येतं. पण मुलगा गेम खेळत असेल तर हात लावू नका, नाहीतर तोच तुम्हाला घेऊन दुकानात येईल 😄 लॅपटॉपमध्ये मात्र हा ऑप्शन कंपनीने बऱ्याचदा दिलेलाच नसतो, तिथे आम्हीही काही करू शकत नाही.

८ टाकली आणि ३.२ किंवा ३.४ दिसतेय? मग विंडोज ३२ बिटचं आहे. त्याला ४ जीबीच्या पुढचं दिसतच नाही आणि त्या ४ मधलेही काही पत्ते (मेमरीतल्या जागांचे नंबर) ग्राफिक्स आणि बाकीच्या पार्टना द्यावे लागतात, म्हणून पूर्ण ४ सुद्धा हातात येत नाही, वर कितीही रॅम लावा. उपाय एकच, ६४ बिटचं विंडोज टाकणं, आणि ते आहे त्यावर अपडेट होत नाही, फॉरमॅटच मारावं लागतं. लायसन्स त्याच एडिशनचं (होम, प्रो वगैरे) असेल तर तेच चालतं, नवीन घ्यायची गरज नाही. सी ड्राईव्हमधले फोटो, टॅलीचा डेटा आधी बाहेर काढून ठेवा, नंतर रडून उपयोग नाही. अजून विंडोज ७ वापरणाऱ्यांनी एडिशनही बघा, ६४ बिट असलं तरी होम बेसिक ८ जीबीच्या आणि होम प्रीमियम १६ च्या पुढे जात नाही.

आता सगळ्यात चिडवणारा प्रकार, १६ पैकी बरोबर अर्धीच वापरता येते. यात आम्ही स्वतः एकदा फसलोय, दोन्ही स्टिक (रॅमच्या पट्ट्या) बदलून बघितल्या, बोर्डवर संशय घेतला आणि शेवटी निघाली काय तर एक टिक! स्पीड वाढवायचा म्हणून कुठल्यातरी व्हिडिओत बघून गिऱ्हाईकाने करून ठेवलेली. विंडोजचं बटण आणि आर दाबा, एम एस सी ओ एन एफ आय जी ही आठ अक्षरं सलग टाईप करा, बूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथे 'मॅक्झिमम मेमरी' पुढची टिक काढा आणि रीस्टार्ट. ती टिक रॅम वाढवत नाही, उलट तिच्यावर मर्यादा घालते.

तिथे टिक नसेल तर डेस्कटॉपवाल्यांनी मशीन बंद करून प्लग काढा, पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, स्टिक काढून सोनेरी पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा, चुरा झटका, आणि दोन्ही बाजूची क्लिप बसेपर्यंत दाबून लावा. ओलं कापड नको, सँडपेपर तर अजिबात नको (हो, एकाने केलंय). चार स्लॉट असतील आणि स्टिक दोनच, तर साधारणपणे प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरतात.

एवढं करूनही अर्धीच राहिली तर प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकलेली असू शकते किंवा कूलर (प्रोसेसरवरचा पंखा) एका बाजूला जास्त आवळलेला असतो. ते घरी उघडू नका, घेऊन या. खोडरबर फिरवायचे आणि टिक काढायचे पैसे आम्ही घेत नाही, फॉरमॅटचे घेतो. आणि लॅपटॉप आणताना चार्जर आणा हो, निम्मे लोक विसरतात.