गर्भ का टिकला नाही: ॲडेनोमायोसिसबद्दल थोडं

दिवस राहतात, सोनोग्राफीत ठोकेही दिसतात आणि आठव्या-नवव्या आठवड्यात गर्भ पडतो. मग घरात चौकशी सुरू होते: पपई खाल्लीस का, जिने किती चढलीस, स्कूटर कशाला चालवलीस? पिकल्या पपईने किंवा रोजच्या जिन्याने गर्भ पडत नाही. पहिल्या तीन महिन्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी निदान निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, आणि त्यात बाईची काहीही चूक नसते. उरलेल्या कारणांतलं एक मात्र अनेकींना वर्षानुवर्षं पाळीच्या कळांमधून जाणवत असतं, पण त्याचं नाव त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ते म्हणजे ॲडेनोमायोसिस.

गर्भाशयाचं आतलं मऊ अस्तर दर महिन्याला वाढतं आणि गर्भ राहिला नाही की पाळीतून बाहेर पडतं. त्याच्याबाहेर स्नायूंची जाड भिंत असते. ॲडेनोमायोसिसमध्ये अस्तराच्या पेशी या भिंतीत शिरून तिथेच वाढतात. गर्भाशय गोलसर, मोठं होतं, अंगावरून जास्त जातं, ओटीपोट दुखतं; काहींना मात्र कसलाच त्रास होत नाही. रिपोर्टवर ‘बल्की युटेरस’ (मोठं झालेलं गर्भाशय) लिहिलेलं असतं आणि ‘पिशवीला सूज आहे’ म्हणून गोळ्या मिळतात. ही सूज जंतुसंसर्गाची नसते, त्यामुळे अँटिबायोटिकने ती उतरत नाही.

व्हिएन्नातले विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी १८६० साली या विकाराचं वर्णन केलं. पुढे शंभराहून जास्त वर्षं निदान व्हायचं ते गर्भाशय काढून टाकल्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली. साहजिकच हा चाळिशी ओलांडलेल्या, मुलंबाळं झालेल्या बायकांचा आजार ठरला आणि गर्भधारणेशी त्याचा काय संबंध, हा प्रश्न मागे पडला. आता योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत तो विशी-तिशीतल्या मुलींमध्येही दिसतो: एक भिंत दुसरीपेक्षा जाड, स्नायूंत काळे बारीक ठिपके, पंख्यासारख्या पसरलेल्या सावल्या.

गर्भाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे तो अस्तराला लागून असलेला स्नायूंचा पातळ थर, ‘जंक्शनल झोन’. एमआरआयमध्ये त्याची जाडी १२ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली, तर ॲडेनोमायोसिसचा दाट संशय घेतात. हा थर महिनाभर बारीक लहरींनी हलत असतो. बीज सुटण्याच्या सुमारास लहरी गर्भाशयाच्या तोंडाकडून वर जातात आणि शुक्राणूंना पुढे नेतात. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) हा थर शांत करतं, म्हणजे गर्भाला रुजायला निवांतपणा मिळतो. ॲडेनोमायोसिसमध्ये लहरींची लय बिघडते, अस्तर प्रोजेस्टेरॉनला नीट दाद देत नाही आणि दाह चालूच राहतो. शिवाय वारेच्या पेशींना याच थरापर्यंत पोहोचून तिथल्या अरुंद रक्तवाहिन्या रुंद करायच्या असतात. तिथेच बिघाड असेल तर रक्तपुरवठ्याचा पाया कच्चा राहतो. पुढच्या महिन्यांत अकाली प्रसूती आणि रक्तदाबाचा धोका वाढतो, त्यामागेही हेच असावं.

२०१४ साली इटलीतले स्त्रीरोगतज्ज्ञ पाओलो व्हेर्चेलिनी आणि सहकाऱ्यांनी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) करून घेतलेल्या बायकांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. ॲडेनोमायोसिस असलेल्या गटात गर्भपाताचं प्रमाण ३१.९ टक्के होतं, नसलेल्या गटात १४.१ टक्के. फरक मोठा आहे, पण तो आयव्हीएफपर्यंत आलेल्या बायकांमधला आहे, आणि वयानेही गर्भपाताचा धोका वाढतोच. शिवाय या विकारासह दिवस राहिलेल्या दर तिघींपैकी दोघींचा गर्भ पडला नव्हता, हेही याच आकड्यांत आहे. रिपोर्टवर हा शब्द दिसला म्हणून कोणीही मूल होण्याची आशा सोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

उपचार निवडताना वय पाहावं लागतं. आयव्हीएफमध्ये भ्रूण गोठवून ठेवतात आणि ते सोडण्याआधी दोन-तीन महिने इंजेक्शनने इस्ट्रोजेन हे अस्तर वाढवणारं संप्रेरक दाबून ठेवतात. काही अभ्यासांत याचा फायदा दिसला, काहींत नाही. गाठीसारखा एकाच जागी साठलेला भाग शस्त्रक्रियेने काढता येतो, पण शिवलेली भिंत पुढच्या गरोदरपणात फाटण्याचा धोका असतो. म्हणून अशी शस्त्रक्रिया झालेली असेल, तर नाव नोंदवतानाच प्रसूतीतज्ज्ञांना सांगावं आणि जुने कागद सोबत न्यावेत.