इस्लामी शिक्षणाचा अभ्यासक्रम : संशोधनाचे प्रवाह

मकतब (मुलांचे प्राथमिक धार्मिक वर्ग) आणि मदरशात (उच्च धार्मिक शिक्षणाची संस्था) काय, कोणत्या क्रमाने व कोणत्या भाषेत शिकवावे, याचा शोध घेणारे अभ्यासक्षेत्र. भारतात ही चर्चा बहुधा दर्स-ए-निजामीपासून सुरू होते. लखनौच्या फिरंगी महलमधील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू 1748) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाठ्यक्रमात तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान, म्हणजेच ‘माकूलात’, यांना मोठे स्थान होते. 1866 मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमने तीच चौकट ठेवून भर हदीसवर, म्हणजे पैगंबरांच्या वचन-कृतींच्या परंपरेवर, दिला. मदरशाचा अभ्यासक्रम पूर्वापार गोठलेला आहे, हा समज एवढ्यानेच निकालात निघतो.

मुस्लिम शिक्षणावरील 1977 च्या मक्का परिषदेनंतर धार्मिक व आधुनिक विद्यांची सांगड हा मुख्य विषय झाला. इस्माइल अल-फारूकी आणि सय्यद नकीब अल-अत्तास या विचारवंतांनी त्याला तात्त्विक बैठक दिली. इंडोनेशियात 1975 मध्येच तीन मंत्र्यांच्या संयुक्त निर्णयाने मदरशांत सामान्य विषयांना सुमारे 70 टक्के वाटा मिळाला होता. तिथले बरेच संशोधन या वाटणीभोवती फिरते.

भारतात मुस्लिमांच्या सामाजिक, आर्थिक व शैक्षणिक स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने (2006) शालेय वयाची जेमतेम 3 टक्के मुस्लिम मुले मदरशात जातात, असे दाखवले. मकतब वेगळे : शाळा सांभाळून तासभर जायचे ठिकाण. तरीही अभ्यासकांचे लक्ष मोठ्या मदरशांच्या ग्रंथांवरच खिळलेले राहिले, ही या क्षेत्रातली खरी उणीव होय.

सोलापूरसारख्या मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदणाऱ्या शहरात ती अधिकच जाणवते. घरी दक्खनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, मकतबात अरबी पाठ आणि त्याचे उर्दूतून स्पष्टीकरण, असा इथल्या कितीतरी मुलांचा दिवस असतो. मराठी शाळेत काना-मात्रा गिरवणारे मूल रेहालीवर (ग्रंथ ठेवायच्या घडीच्या लाकडी स्टँडवर) ‘कायदा’, म्हणजे अरबी अक्षरओळखीचे पहिले पुस्तक, उघडून उजवीकडून डावीकडे वाचू लागते. स्वरचिन्हांपैकी जबर अक्षराच्या वर, जेर खाली. हिफ्ज, म्हणजे कुराण मुखोद्गत, करणाऱ्याचे पाठांतर तीन पदरी असते : ‘सबक’ हा आजचा नवा पाठ, ‘सबकी’ ही नुकत्याच झालेल्या पाठांची उजळणी आणि ‘मंजिल’ ही जुन्या पाऱ्यांची (कुराणाच्या भागांची) फेरी. मंजिल कच्ची असली, तर अनेक उस्ताद त्या दिवशी नवा सबक देतच नाहीत. अभ्यासक्रमाचा वेग इथे छापील पुस्तकावर नव्हे, मुलाच्या आठवणीवर ठरतो.