अतिक्रांतिक द्रायूतील सिंगलेट ऑक्सिजनचे शमन

सिंगलेट ऑक्सिजन हा ऑक्सिजनचा उत्तेजित रेणू. मूळ स्थितीपेक्षा त्याच्याकडे मोलमागे सुमारे ९४ किलोजूल ऊर्जा जास्त असते. एकट्या रेणूला ही ऊर्जा १२७० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशातून टाकायला तासाहून अधिक वेळ लागतो. द्रावकात मात्र ती टकरींमधून शेजारच्या रेणूंच्या कंपनांत जाते; यालाच शमन म्हणतात. पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाची कंपने जोरकस असल्याने तिथे आयुष्य जेमतेम ३.५ मायक्रोसेकंद. कार्बन डायऑक्साइडमध्ये असा बंध नसतो, म्हणून तिथे ते काही मिलिसेकंदांचे.

कार्बन डायऑक्साइड ३१.१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बारच्या पुढे अतिक्रांतिक होतो, म्हणजे द्रव आणि वायू असा भेद न उरलेला द्रायू (वाहणारा पदार्थ) बनतो. ३५ अंशांवर ८० बारला त्याची घनता मिलिलिटरला ०.४२ ग्रॅम, तर १०० बारला ०.७१. रेणू तोच ठेवून नुसत्या दाबाने टकरी वाढवता येतात, ही या पद्धतीची खरी ताकद. शमनाच्या दराला टकरींच्या वारंवारितेने भागल्यावर येणारी संभाव्यता घनतेबरोबर बदलली नाही, तर ऊर्जा दोन-दोन रेणूंच्या टकरीतच जाते असे मानता येते. तुलनेला झेनॉन घ्यावा: क्रांतिक तापमान १६.६ अंश, आणि अणूच असल्याने कंपने नाहीत.

कोल्हापुरात शमन मोजण्याचा हा प्रयोग मांडायचा तर ऋतू पाहावा लागतो. एप्रिल-मेच्या दुपारी खोली ३१ अंशांवर गेली की सिलिंडरमध्ये द्रव उरत नाही आणि पंपाला उचल मिळत नाही. सिलिंडर गार खोलीत ठेवून पंपाचे डोके ५ अंशांपर्यंत थंड करावे. पावसाळ्यात घात करते ती ओल. वजनाने ०.१ टक्का पाणी म्हणजे १०० बारच्या दाट द्रायूत लिटरमागे ०.७ ग्रॅम. पाण्यातल्या दरावरून हिशेब केला तर शमनात सेकंदाला सुमारे २०० ची भर पडते, म्हणजे ५ मिलिसेकंदांचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणून पेशी (द्रायू भरायचे दाबपात्र) आधी गरम करून निर्वात करावी आणि वायू शोषकातून न्यावा.

पेशी स्टेनलेस स्टीलची, खिडक्या नीलमाच्या. सेन्सिटायझर (प्रकाश शोषून ऊर्जा ऑक्सिजनला देणारे रंगद्रव्य) म्हणून फ्लोरिनयुक्त पॉर्फिरिन चालते. मेथिलीन ब्लू विरघळत नाही. ऑक्सिजन थोडाच भरावा, कारण तो स्वतःही शमन करतो. ऑक्सिजनच्या वेगवेगळ्या प्रमाणांत शमनाचा दर मोजून रेषा शून्य ऑक्सिजनपर्यंत न्यावी. ऑक्सिजनच्या वाटेत तेल-ग्रीस चालणार नाही, आग लागते. लेसरचे ठोके सेकंदाला १० पेक्षा जास्त नकोत. क्रांतिक बिंदूजवळ द्रायू दुधाळ होऊन प्रकाश विखुरतो, तिथले सुरुवातीचे मायक्रोसेकंद सोडून द्यावेत. शेवटी दाब सावकाश उतरवावा. घाई केली तर ओ-रिंगांत (गळती रोखणाऱ्या रबरी कड्यांत) मुरलेला वायू फुगून त्या फाटतात.