आरएक्सची मॅट आणि पाच दिवसांची मुदत

डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेने टोयोटाला १ कोटी ७३ लाख ५० हजार डॉलरचा दंड केला. एका प्रकरणात त्या वेळी कायद्याने याहून जास्त दंड करताच येत नव्हता. गाडी होती टोयोटाच्याच लेक्सस या आलिशान ब्रँडच्या आरएक्सचे २०१० चे मॉडेल, ३५० आणि हायब्रिड ४५०एच. दोष इंजिनात नव्हता की ब्रेकमध्ये नव्हता, ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटमध्ये होता. मॅट पुढे सरकली की दाबलेले अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल तिच्या कडेत अडकून बसायचे. दंड मात्र या दोषासाठी नव्हता. दोष कळल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत तो सरकारला कळवावा लागतो, आणि कंपनीने तो वेळेत कळवला नव्हता. चौकशीची चाहूल लागल्यावर तिने आपली कागदपत्रे चाळली, तेव्हा २००९ पासूनची अशी ६३ प्रकरणे तिच्याच दप्तरात निघाली.

टोयोटाचे नाव झाले ते ‘न बिघडणारी गाडी’ म्हणून, आणि आरएक्स त्याच नावावर विकली जाई. १९९८ साली अमेरिकेच्या बाजारात आलेली ही गाडी उंचीने एसयूव्ही आणि चालवायला मोटारीसारखी. आलिशान गाडी घेणारी कितीतरी कुटुंबे या प्रकाराकडे वळली ती हिच्यामुळेच. बर्फाच्या मुलुखात तिच्यासाठी जाड रबरी मॅट घेण्याची पद्धत आहे. ही मॅट कापडी मॅटवर टाकली, किंवा तिचे हूक अडकवलेच नाहीत, की ती पुढे सरकते. म्हणून बराच काळ कंपनीचे उत्तर एकच होते: मॅट नीट बसवा. चूक मालकाची.

२००७ मध्ये लेक्सस ईएस ३५० या सेडानच्या तक्रारी वाढल्या. चौकशी झाली, आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने ५५ हजार मॅट परत मागवल्या. नीट वाचा, गाड्या नव्हे, मॅट. पेडलला कोणी हात लावला नाही. कंपनीच्या आत मात्र वेगळे चालले होते. पूर्ण दाबलेले पेडल आणि गाडीचा तळ यांत किमान १० मिलिमीटर जागा हवी, असा नवा अंतर्गत नियम इंजिनियरांनी केला. तो लागू व्हायचा फक्त एखादे मॉडेल नव्याने घडवले जाईल तेव्हा, म्हणजे तीन ते पाच वर्षांतून एकदा. मधल्या काळात कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या नव्या गाड्या स्वतः कंपनीच्याच मापात बसत नव्हत्या. हा सगळा तपशील २०१४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी झालेल्या करारातून लोकांसमोर आला. मला यातली सर्वांत बोचणारी गोष्ट हीच वाटते, कारण इथे ‘आम्हाला माहीत नव्हते’ म्हणायची सोय उरत नाही.

२८ ऑगस्ट २००९ रोजी सॅन दिएगोजवळच्या सँटी गावात अपघात झाला. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल या महामार्ग पोलीस दलाचा एक अधिकारी, रजेच्या दिवशी, घरच्या तिघांना घेऊन निघाला होता. त्याची स्वतःची लेक्सस सर्व्हिसिंगला होती आणि डीलरने तात्पुरती ईएस ३५० दिली होती. त्या गाडीत मॅट होती ती आरएक्स ४००एच ची, रबरी, आणि सेडानच्या मानाने मोठी. पेडल अडकले आणि वेग ताशी १६० किलोमीटरच्या वर गेला. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडे असताना ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम मिळत नाही, त्यामुळे ब्रेक दोन-तीनदा सोडून परत दाबला की पाय नुसता दगडावर पडतो. किल्ली फिरवून इंजिन बंद करावे तर किल्ली नव्हतीच, बटण होते, आणि चालत्या गाडीत ते तीन सेकंद दाबून धरावे लागे. चौघेही गेले.

शेरीफच्या तपास अहवालात पुढची नोंद आहे. हीच गाडी काही दिवस आधी दुसऱ्या ग्राहकाला दिली होती. त्याचेही पेडल अडकले होते, त्याने कशीबशी मॅट मोकळी केली आणि गाडी परत करताना रिसेप्शनवर तसे सांगितले. तक्रार वेळेवर आली होती, तोंडी आली होती, आणि काउंटरवरच थांबली.

त्यानंतरचा क्रम बहुतेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २००९ मध्ये ३८ लाख गाड्यांचा रिकॉल झाला आणि पेडल कापून आखूड करायची वेळ आली. जानेवारी २०१० मध्ये पेडल स्वतःच अडखळण्याच्या वेगळ्या दोषासाठी आणखी २३ लाख गाड्या बोलावल्या. फेब्रुवारीत कंपनीचे अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकी काँग्रेससमोर हजर झाले. २००७ चा रिकॉल मॅटपुरता ठेवल्याने १० कोटी डॉलर वाचले, असे अभिमानाने मांडणारे कंपनीचे सादरीकरण याच काळात समितीच्या हाती लागले.

हीच कंपनी ठरवले तर किती चपळ होती, तेही त्या वर्षी दिसले. एप्रिल २०१० मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने लेक्सस जीएक्स ४६० ला ‘घेऊ नका’ असा शेरा दिला. वेगात वळण घेताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की मागचा भाग घसरून बाहेर जात होता आणि गाडी सावरणारी यंत्रणा उशिरा जागी होत होती. त्याच दिवशी विक्री थांबली. सहा दिवसांत सुमारे ९,४०० गाड्यांच्या सॉफ्टवेअर दुरुस्तीचा रिकॉल निघाला, आणि मे महिन्यात मासिकाने शेरा मागे घेतला. मासिकाच्या एका चाचणीची दखल घ्यायला सहा दिवस लागले आणि आरएक्सच्या ६३ प्रकरणांना जून २०१२ उजाडला. तेव्हा कुठे १,५४,०३६ गाड्या परत बोलावल्या गेल्या. दंड झाला तो यानंतर. मार्च २०१४ मध्ये ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या आरोपावरून टोयोटाने १२० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

दोष इलेक्ट्रॉनिक्समध्येच आहे, असे मानणाराही मोठा वर्ग होता. नासाच्या इंजिनियरांनी तपासले आणि फेब्रुवारी २०११ च्या अहवालात तसे काही सापडले नसल्याचे सांगितले. तरी २०१३ मध्ये ओक्लाहोमातल्या ज्यूरीने टोयोटाच्या एका कॅमरीच्या अपघातात दोष इलेक्ट्रॉनिक्सकडेच दिला. तो वाद पुरता मिटला असे म्हणवत नाही.

या सगळ्यामागचा कायदा जुना आहे. सदोष गाडीची माहिती मालकाला देणे अमेरिकेत १९६६ पासून बंधनकारक आहे. फोर्ड एक्सप्लोरर आणि फायरस्टोन टायरच्या प्रकरणात शंभराहून अधिक माणसे गेल्यावर २००० साली ट्रेड (TREAD) हा वाहन सुरक्षेचा कायदा आला आणि कंपन्यांना तक्रारी, मृत्यू आणि नुकसानभरपाईचे दावे नियमितपणे सरकारला कळवणे भाग पडले. मालकाला स्वतः थेट तक्रार नोंदवता येते. ती सर्वांना वाचता येते, आणि चौकशी सुरू करायला तक्रारींचा ठरावीक आकडा गाठावा लागत नाही. तिकडच्या मराठी घरांत आरएक्स काही नवलाची नाही. सेकंडहँड घेताना गाडीचा १७ अंकाक्षरी क्रमांक टाकून राहिलेला रिकॉल पाहता येतो.

भारतात २०१२ च्या जुलैपर्यंत याबाबत काहीच नव्हते. तेव्हा सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेने ऐच्छिक नियमावली आणली. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११०ए आले आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू झाले. न जुमानणाऱ्याला १० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. आपल्याकडे रिकॉलसाठी लागणारी तक्रारींची संख्या त्या मॉडेलच्या वार्षिक विक्रीशी जोडली आहे. वर्षाला मोजक्याच विकल्या जाणाऱ्या महागड्या एसयूव्हीच्या मालकांना एकमेकांना शोधून तो आकडा गाठायचा, हे अवघडच दिसते. शिवाय नियम सात वर्षांच्या आतल्या गाडीपुरता आहे. लेक्ससने आरएक्स भारतात आणली मार्च २०१७ मध्ये. त्या पहिल्या गाड्या आता या मुदतीबाहेर गेल्या आहेत.