टिंखेल : शिकारीपासून बंडापर्यंत

स्कॉटलंडमधल्या हरणांच्या शिकारीबद्दल वाचताना आज 'गिली' (शिकारीचा मदतनीस) आणि 'स्टॉकर' (हरणाचा माग काढणारा वाटाड्या) हे शब्द भेटतात. जुन्या कागदांत मात्र आणखी एक शब्द आहे, 'टिंखेल'. गेलिक भाषेतल्या 'सभोवार' अशा अर्थाच्या शब्दावरून तो स्कॉट्स भाषेत आला. टिंखेल म्हणजे डोंगर घेरून हरणे एका जागी हाकत आणणाऱ्या माणसांचे कडे. रीत आपल्याकडच्या हाक्याचीच, पसारा मात्र अफाट.

त्याचे सर्वांत जिवंत वर्णन स्कॉटिश माणसाचे नाही. लंडनचा नावाडी-कवी जॉन टेलर १६१८ मध्ये खिशात पैसा न ठेवता पायी स्कॉटलंडला गेला आणि ब्रेमारच्या डोंगरांत अर्ल ऑफ मारचा पाहुणा झाला. तो लिहितो की पाच-सहाशे माणसे पहाटे उठून सात ते दहा मैलांच्या घेरात पांगत आणि कमरेइतक्या पाण्यातून नद्या ओलांडत. उमराव मंडळी खाली दरीत दबा धरून असत. काही तासांनी चहूकडच्या डोंगरांवर शिंगांचे रानच उभे राही. मग कुत्री, बंदुका, बाण, खंजीर. दोन तासांत ऐंशी हरणे पडली.

या कड्यात उभे राहणे जिवावरचे काम होते. १५६०च्या दशकात अथोल भागात स्कॉटलंडची राणी मेरी हिच्यासाठी सुमारे दोन हजार हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली माणसे, हाक्याला लावले होते. स्कॉटिश कायदेपंडित विल्यम बार्कलेच्या वर्णनाप्रमाणे बिथरलेला कळप उलटून थेट माणसांवर आला. जमिनीवर पालथे पडण्यावाचून उपाय नव्हता. दोन-तीन माणसे मेली. तरीही ३६० हरणे आणि पाच लांडगे मारले गेले. मेलेल्यांची नावे अर्थातच कुणी लिहिली नाहीत.

एवढी माणसे एका निरोपावर गोळा करणे म्हणजे टोळीप्रमुखाची लष्करी ताकदच. शिकारीचे निमंत्रण आणि लढाईची हाक यांत फारसे अंतर नव्हते. टेलरच्या यजमानाच्याच घराण्यातल्या पुढच्या एका अर्ल ऑफ मारने ते नेमके ओळखले. ऑगस्ट १७१५ मध्ये त्याने ब्रेमारला शिकारीच्या नावाखाली सरदार बोलावले आणि ६ सप्टेंबरला तिथेच स्टुअर्ट घराण्याचा झेंडा उभारून जॅकोबाइट, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांचे, बंड पुकारले.

माझ्या मते या शब्दाचा शेवट हरणांशी नव्हे, सत्तेशी जोडलेला आहे. १७४६ मध्ये कलोडनला जॅकोबाइटांचा शेवटचा पराभव झाला. त्यानंतरच्या कायद्यांनी टोळीप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले. पुढे मेंढपाळीसाठी गावेच्या गावे उठवली गेली. हाकायला माणसेच उरली नाहीत. वॉल्टर स्कॉटने १८१०च्या काव्यात हा शब्द वापरला, तेव्हा त्याचा अर्थ टिपेत सांगावा लागला.

व्हिक्टोरियाच्या काळात राजघराण्याच्या बालमोरलसारख्या इस्टेटींवर शिकार पुन्हा बहरली, पण तिचा चेहरा वेगळा होता. एक साहेब, एक स्टॉकर, दुर्बीण, लांब पल्ल्याची रायफल आणि मेलेले हरीण तट्टावर लादून आणणारा पगारी गिली.